संगणकाच्या जोडीला हिशेब घ्या

बारावीचा निकाल लागला की भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यातून आमच्याकडे विचारणा सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेला असे. डी.एड. करू की आय.टी.आय.? आता तो बदलला आहे. पोरगा किंवा पोरगी बी.सी.ए.ला नाहीतर बी.एस्सी. आय.टी.ला जाणार, हे घरात आधीच ठरलेले असते. विचारायचे असते ते पुढचे. कॉम्प्युटरबरोबर कॉमर्समधले काय घेऊ? मॅनेजमेंट, मार्केटिंग, एच.आर., फायनान्स की अकाउंट्स?

प्रश्न रास्त आहे आणि नवाही आहे. नवे शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आले. त्याने पदवीला मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला दुय्यम विषय अशी रचना केली. या धोरणाबद्दल आमचे आक्षेप आहेत आणि ते आम्ही याच पानावर मांडत राहू. पण पोराने फॉर्म भरायचा आहे, तो काही आमचे आक्षेप संपेपर्यंत थांबणार नाही. म्हणून आधी उत्तर देतो. अकाउंट्स आणि फायनान्स घ्या. बाकीचे नंतर बघता येईल.

आता कारणे.

मॅनेजमेंट हा शब्द आमच्या वस्तीत फार भाव खाऊन आहे. त्यात ‘मॅनेजर’ दडलेला आहे ना! बापाने जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेले असते, पोरगा मॅनेजर होणार म्हटल्यावर त्याची छाती फुगते. यात चूक काही नाही. पण वीस-एकवीस वर्षांच्या पदवीधराला कोणी मॅनेजर करीत नाही. ज्याच्या घरी दुकान, जिनिंग, दालमिल किंवा पाइपाचा कारखाना आहे तो पदवी नसली तरी मॅनेजरच असतो. मार्केटिंगची गत तीच. तिथे माल विकायच्या आधी ओळख विकावी लागते आणि आमच्या पोरांची ओळख आडनावापाशीच अडते. एच.आर.मध्ये कोण कोणाला निवडतो हे उघड गुपित आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे मुलाखतीच्या टेबलावर ‘गाव कोणते, वडील काय करतात’ हे दोन साधे वाटणारे प्रश्न कशासाठी विचारले जातात, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

खातेवही मात्र आडनाव विचारीत नाही. नावे आणि जमा जुळले तर जुळले, नाही जुळले तर कोणाच्या शिफारशीने जुळत नाहीत. हिशेबाच्या पेढीवर नोकरी मिळताना जात आड येत नाही, असा आमचा दावा नाही. येते. पण एकदा खुर्चीवर बसल्यानंतर काम बरोबर की चूक हे कागदच सांगतो, साहेबाची मर्जी सांगत नाही. आमच्या पोरांना अशी जागा फार कमी ठिकाणी मिळते.

दुसरे कारण इतिहासातले आहे. आमच्या समाजाकडून जमीन गेली, वतन गेले, मजुरी बुडाली, ती नुसती लाठीने बुडाली नाही. ती वहीत बुडाली. अंगठा आमचा, लिहिणारा दुसरा आणि वाचून दाखवणाराही तोच. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात कुलकर्ण्याच्या आणि सावकाराच्या कागदांची हीच करामत उघडी केली. ते हे अधिकाराने लिहू शकले, कारण ते स्वतः कंत्राटदार होते आणि बांधकामाचा जमाखर्च त्यांना हाताने ठाऊक होता.

आणि बाबासाहेब? आपण त्यांना घटनाकार म्हणतो. त्यांचा मूळ विषय पैसा होता, हे मात्र विसरतो. कोलंबियात १९१५ साली एम.ए. झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर लिहून. लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५चा. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि पेढी बंद पडली. पुढे १९१८ ते १९२० ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२५ ते १९२८ एका अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये कला-विज्ञानाचे सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे. कायद्याचे सिद्धार्थ महाविद्यालय त्यानंतर, १९५६ मध्ये. म्हणजे स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने आपल्या संस्थेत वकिलीच्या आधी वाणिज्य शिकवले. या क्रमाकडे आमच्या वक्त्यांनी एकदा तरी पाहावे.

आता संगणकाकडे येऊ. तालुक्याच्या ठिकाणी संगणकाची कामे कोणती आहेत ते बाजारपेठेतून एक फेरी मारून पाहा. कर सल्लागाराचे ऑफिस, पतसंस्था, जिनिंग, कृषी केंद्र, केळीचे व्यापारी, सराफ. यातल्या कोणाला संकेतस्थळ नको असते. सर्वांना बिल, साठा, उधारी आणि जी.एस.टी.चे विवरणपत्र हवे असते. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला आणि ज्यांच्या दुकानात संगणक नव्हता त्यांच्याही दुकानात तो आला.

एक उदाहरण आपल्याच पिकाचे घ्या. नोंदणी असलेला व्यापारी शेतकऱ्याकडून कापूस घेतो. एरवी कर विकणारा वसूल करतो आणि भरतो. इथे शेतकरी नोंदणीकृत नाही, म्हणून नोव्हेंबर २०१७ पासून हा कर घेणाऱ्याने स्वतः सरकारात भरायचा आणि पुढे आपल्या विक्रीवरच्या करातून त्याची वजावट मागायची, असा नियम आहे. याला उलट आकारणी म्हणतात. हीच जिनिंग जेव्हा गाठी सूतगिरणीला विकते तेव्हा कर सरळ मार्गाने लागतो. ताजी केळी मात्र करातून मुक्त. आता जिनिंगच्या मालकाला सॉफ्टवेअर लिहून देणारा पोरगा प्रोग्रॅमिंगमध्ये कितीही हुशार असू द्या, त्याला ही उलट आकारणी माहीत नसेल तर त्याचे सॉफ्टवेअर पहिल्याच महिन्यात मालक फेकून देईल. आणि ज्याला ती माहीत आहे त्याला पाचोऱ्यापासून धरणगावापर्यंत काम आहे.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतही गोष्ट हीच, फक्त आकडे मोठे. तिथे ई.आर.पी. नावाची प्रणाली असते. गोदामात माल उतरला की संगणकात साठा वाढतो आणि त्याच क्षणी हिशेबातही नोंद पडते. एकीकडे साठ्याचे खाते नावे, दुसरीकडे देणे जमा. विक्री झाली, पगार झाला, यंत्राची झीज धरली, प्रत्येक हालचालीचे शेवटचे टोक खातेवहीत जाऊन टेकते. म्हणून ही प्रणाली बसवणाऱ्या कंपन्यांना संगणक आणि हिशेब दोन्ही कळणारा माणूस लागतो. बँकांच्या सॉफ्टवेअरचेही तसेच. नुसता कोड लिहिणारे खूप झाले आहेत आणि आता तर साधा कोड यंत्रही लिहू लागले आहे. साधी नोंदही यंत्र करते. पण ती नोंद त्या खात्यात का पडली आणि चुकली असेल तर कुठे, हे सांगणारा माणूस अजून लागतो.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, पोरांना नोकरदार कशाला करता, उद्योजक करा. करू या. डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना २००५ मध्ये पुण्यात सुरू झाली. २०१२ च्या खरेदी धोरणाने केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के ठेवले. २०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची तरतूद झाली. ऐकायला छान आहे. पण निविदा भरताना मागच्या वर्षांचे ताळेबंद मागतात. बँक प्रकल्प अहवाल मागते, हप्ता कुठल्या उत्पन्नातून फेडणार ते महिन्यावार मांडून मागते. आमचा होतकरू माणूस हे सारे बाहेरून पैसे देऊन करून घेतो. मग बँकेच्या साहेबाने त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवले की त्याला तो आकडा कुठून आला हे सांगता येत नाही. फाइल परत येते. साहेब जातीयवादी असेल, नसेलही. पण आपल्या फाइलमधला आकडा आपल्याला कळला पाहिजे की नाही?

१९२९ ची चाळीसगावची गोष्ट आपण जयंतीला नेहमी सांगतो. शेजारच्याच तालुक्यातली आहे. बाबासाहेबांना स्टेशनवरून महारवाड्यात न्यायचे होते. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकणार नाही. मग आपल्याच एकाने लगाम धरला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे आणि त्या लोकांच्या अभिमानाबद्दल लिहिताना प्रवाशाच्या जिवाचा विचार मागे पडला हेही स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला या गोष्टीत टांगेवाल्यांचा नीचपणा दिसतो, तसा आणखी एक मुद्दा दिसतो. वाहन भाड्याने मिळते, हाकणे शिकावे लागते. कर्ज, निविदा, संगणक ही आजची भाड्याची वाहने आहेत.

आता थोडे कामाचे बोलू, कारण घाई फॉर्मची आहे.

बी.सी.ए., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि महाराष्ट्रात त्यांना सी.ई.टी. लागली. २०२४ मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा ती आहे हेच कितीतरी मुलांना कळले नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि पुन्हा जादा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून वाट काढली. तेव्हा प्रवेश घेण्याआधी पदवीवर नेमके कोणते नाव येणार ते लेखी विचारा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाची शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला लागतो. एजंटाच्या नादाने व्यवस्थापन कोट्यात शिरलात तर महाडीबीटीवर अर्ज भरून उपयोग नाही. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. तो दाखला आणि जातीचा दाखला आजच काढून ठेवा. सेतू केंद्रावरची जुलैतली रांग कोणाला सांगायला नको.

महाविद्यालयात अकाउंट्स हा दुय्यम विषय मिळतच नसेल तर काय? छोट्या गावात हे होते, शिक्षकच नसतात. त्यालाही मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक महाविद्यालयात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणाने चालते. बी.सी.ए. महाविद्यालयात करा आणि बी.कॉम. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. दुसऱ्या पदवीची फी मात्र खिशातून जाईल, शिष्यवृत्ती एकाच अभ्यासक्रमाला. दोन डगरींवर पाय, असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगा की १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी शिकत होते, तेही अर्धपोटी. आयोगाला ही अक्कल शंभर वर्षांनी आली.

हे मात्र खरे की ज्याचे संगणकाचेच पेपर राहतात त्याने दुसरी पदवी धरू नये. अर्धा संगणक आणि अर्धा हिशेब मिळून एक पूर्ण नोकरी होत नाही. ज्याने बारावी विज्ञान केले आहे त्याला नावे-जमा म्हणजे काय हे पहिले दोन महिने डोक्यावरून जाते, तिथे घाबरून विषय बदलू नये एवढेच. अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलाकडून जुनी पुस्तके मागून घ्या आणि प्रवेशाची फेरी सुरू असतानाच वाचा.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न उरतो. आमच्या वस्तीत त्याची वाण नाही! बुद्धविहाराचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर १९५० च्या कायद्याने त्याचे हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहे. किती विहारांचे ते वेळेवर जातात? जयंतीची वर्गणी किती जमली आणि डी.जे.ला किती गेली, हे विचारले की समितीचे दोन तट पडतात आणि पुढच्या वर्षी दोन मिरवणुका निघतात. बी.सी.ए.ला गेलेल्या मुलीकडे ही पावतीपुस्तके आणि मागच्या वर्षीचा चुरगळलेला कागद द्या. तिने पावत्यांचे क्रमांक लावावेत, संगणकावर जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडावा, ज्या खर्चाची पावती नाही त्यापुढे ‘पावती नाही’ असे लिहावे आणि छापील प्रत विहाराच्या फळ्यावर लावावी. समितीतल्या ज्येष्ठांनी त्या दिवशी तिच्यावर ओरडू नये, ही आमची त्यांना आगाऊ विनंती.