कॉल्चिसीन आणि विभाजनोन्मुख पेशी

पावसाळ्यात कुंपणांवर पिवळ्या-तांबड्या ज्वालांसारखी फुलणारी कळलावी आपल्याकडे विषारी म्हणून परिचित आहे. तिच्या कंदात व बियांत कॉल्चिसीन हे अल्कलॉइड असते. ते प्रथम हाती आले मात्र युरोपातील कॉल्चिकम या वनस्पतीतून. त्यास सरसकट ‘पेशीविष’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याची क्रिया पाहता हा शब्द फारच ढोबळ ठरतो.

विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे नेणारा तर्कू सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो व या नलिका ट्यूब्युलिन नामक प्रथिनाच्या घटकांपासून घडतात. तर्कू ही स्थिर चौकट नव्हे. नलिकांच्या टोकांशी घटक सतत जोडले जातात व सुटतही असतात. कॉल्चिसीन मुक्त घटकास चिकटते आणि असा घटक टोकाशी जाऊन बसला की तेथील वाढ खुंटते. म्हणूनच एकूण ट्यूब्युलिनचा अल्पांश बांधला गेला तरी परिणाम दिसतो. मात्रा वाढविल्यास तर्कूच विरून जातो. गुणसूत्रांची मोडतोड होत नाही, ती केवळ मध्यावस्थेत खोळंबून राहतात.

पुढे काय घडते, हे पेशीवर अवलंबून असते. दीर्घकाळ खोळंबलेली प्राणिपेशी बहुधा मरते. वनस्पतिपेशीत मात्र, पुष्कळ अधिक मात्रा दिल्यावर, दुप्पट गुणसूत्रांचे एकच केंद्रक तयार होऊ शकते. ब्लेक्सली व एव्हरी यांनी 1937 मध्ये धोत्र्यादी वनस्पतींवर हे दाखविले. गहू व राय यांचा वंध्य संकर प्रजननक्षम करण्यास हीच युक्ती उपयोगी पडली. त्जियो व लेव्हान यांनी 1956 मध्ये मानवी गुणसूत्रे 46 असल्याचे प्रसिद्ध केले, तेही अशा खोळंबलेल्या पेशी मोजून. त्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ 48 हा आकडा निःशंकपणे शिकविला जात होता!

मानवी शरीरात वेगाने विभागणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत व केशमूलांत असतात. संधिवाताच्या गाऊट या प्रकारावर कॉल्चिसीन औषध म्हणून दिले जाते. परंतु औषधी व घातक मात्रांतील अंतर थोडे आहे. रताळे समजून कळलावीचा कंद खाल्ल्याच्या घटना श्रीलंकेत नोंदल्या गेल्या आहेत. अशा विषबाधेत प्रथम वांत्या व जुलाब होतात, काही दिवसांनी रक्तातील श्वेत पेशी घटतात आणि जो रुग्ण वाचतो त्याचे केस पुढील आठवड्यांत गळू लागतात.