स्वभावाला औषध असतं का?

नरोलीच्या कारखान्यांत ओळीनं तीन-चार रात्रपाळ्या झाल्या की शांत माणूसही घरी येऊन पोरांवर खेकसतो. ‘साहेबांनी बोलावलंय’ एवढ्या निरोपानं त्याच्या पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, याचा स्वभावच बदलला. २००७ साली अमेरिकेत धडधाकट तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली गेली. त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग झोप झालेल्यांपेक्षा जवळपास ६० टक्के जास्त चेतला. त्याला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही क्षीण झाला होता. एका जागरणात एवढी उलथापालथ!

मग अमिग्डालाच नसला तर? एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईंचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला दुर्मीळ आजारानं निकामी झाला. दुकानात त्यांनी साप हातात घेतला, वर त्याच्या जिभेला बोट लावलं. परक्या माणसालाही त्या अगदी खेटून उभ्या राहायच्या. बिनधास्त बाई, असंच कुणीही म्हणालं असतं. पण २०१३ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा एकदाच हुंगल्यावर त्यांची पार घाबरगुंडी उडाली. म्हणजे बाहेरच्या सापाची भीती आणि आत श्वास कोंडल्याची भीती यांच्या वाटाच वेगळ्या! मला तर हा प्रयोग भुताच्या गोष्टीहून थरारक वाटतो.

छाती धडधडते, मेंदू तिचा अर्थ लावतो, आणि वर्षानुवर्षं तोच अर्थ लावत राहिला की आपण म्हणू लागतो, ‘मी भित्राच.’ स्वभावाला औषध नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनी स्वभावात मोजता येण्याजोगा फरक पडलेला दिसला. सर्वांत जास्त फरक पडला तो चिंतातुर वृत्तीत.

कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवलेले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला फार घाबरत. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. महिनाभरात शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायला यायचं कबूल केलं एकीनंच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.