जुलै १९०८: सहा वर्षांची शिक्षा, सहा दिवसांचा संप

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि तिच्याबरोबर राजद्रोहाचं कलम १२४-अ सुद्धा. त्याची जागा घ्यायला नव्या न्याय संहितेचं कलम १५२ हजर होतंच, शिक्षाही थेट जन्मठेपेपर्यंत. निरोपाच्या लेखांत टिळकांचा खटला पुन्हा निघाला. आरोपीचा पिंजरा, न्यायमूर्ती, ज्युरी, बस्स. १९०८ चा अख्खा जुलै कोर्टाच्या एका खोलीत कोंबून मंडळी मोकळी झाली.

त्या महिन्यात खरं तर बातम्यांची रेलचेल होती. ३० जूनला सायबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशात प्रचंड स्फोट झाला आणि पुढच्या काही रात्री लंडनलाही अंधार पडेना. फ्रान्समध्ये फार्मनचं विमान पाव तासाहून अधिक हवेत टिकलं. १३ जुलैला राजे सातवे एडवर्ड यांनी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन केलं. २४ जुलैला मॅरेथॉनमध्ये कोसळणाऱ्या इटालियन दोरांदो पिएत्रीला पंचांनी हाताला धरून रेघ ओलांडायला लावली आणि मग बाद ठरवलं. हा किस्सा दर ऑलिंपिकला निघतो. त्याच स्पर्धेत रशियाच्या हट्टामुळे फिनलंडच्या पथकाला झेंड्याविना चालावं लागलं, ते मात्र क्वचितच कुणी सांगतं.

तुर्कस्तानात ३ जुलैला नियाझी हा अधिकारी आपल्या माणसांसह डोंगरात शिरला. तीन आठवड्यांत मॅसिडोनियातलं सैन्य उलटलं आणि सुलतान दुसरा अब्दुल हमीद यांना तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली. इस्तंबूलच्या संपादकांनी सेन्सॉरला दारातूनच परत पाठवलं. २४ जुलै हा दिवस तिथे आजही पत्रकारांचा म्हणून पाळला जातो.

इकडे मुंबईत त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांचं उलटं चाललं होतं. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे आधीच तुरुंगात गेले होते. ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांचा खटला १३ जुलैला, लंडनच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सुरू झाला. समोर न्यायमूर्ती दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. आता बॅरिस्टर जिनांनी मागितलेला जामीन त्यांनीच नाकारला. मराठी लेखांचा निवाडा करायला ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळक आपल्या बचावात एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला: सहा वर्षं काळं पाणी.

इथे निरोपाचे लेख संपतात. मुंबई मात्र दुसऱ्या दिवशी थांबली. मुळजी जेठा मार्केटातल्या कापडवाल्यांनी दुकानं लावून घेतली. खटला चालू असतानाच गिरण्यांत कामं बंद पडू लागली होती, लष्कर रस्त्यावर आलं होतं. आता परळ-चिंचपोकळीकडचे कामगार झुंडीने बाहेर पडले. यातले कितीतरी रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले, म्हणजे टिळकांच्या जन्मगावच्याच मुलखातले. त्यांच्यापाशी युनियन नव्हती, संपनिधी नव्हता. विजेचे दिवे आल्यापासून गिरणीचा दिवस अंधार पडल्यावरही संपत नसे. तरी शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस असा सहा दिवसांचा हिशोब त्यांनी मांडला आणि गोळीबार झेलून तो पुरा केला. मजुरीच्या एका पैशाचीही मागणी त्यात नव्हती.

दूर जिनिव्हात बसलेल्या लेनिनने त्याची दखल घेतली. इराण, तुर्कस्तान आणि चीनमधल्या उलथापालथींच्या पंगतीत मुंबईच्या कामगारांना बसवणारा त्याचा लेख ऑगस्टच्या सुरुवातीलाच छापून आला. सरकारने मात्र १९१० साली आणखी कडक प्रेस कायदा आणला. गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणणारा कायदा व्हायला १९११ उजाडलं.

१९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उच्च न्यायालयात टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी बसवली, ते योग्यच झालं. गिरणगावाच्या वाट्याला १९८२ चा संप आला, मग भोंगे बंद झाले, आणि फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. गिरण्यांच्या जमिनींचे सौदे झपाट्याने उरकले. त्याच जमिनींतून मिळायच्या घरांसाठी अर्ज करून बसलेले हजारो कामगार आणि त्यांचे वारस अजून म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून आहेत.