ज्वलनकक्षातील प्रवाह व ज्वलन यांचे मोजमाप

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळील ओझर येथे तयार झालेल्या 'तेजस मार्क १ए' विमानाने पहिले उड्डाण केले. त्याचे एफ-४०४ इंजिन अमेरिकन बनावटीचे आहे. बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन आस्थापनेचे १९८९ मध्ये मंजूर झालेले 'कावेरी' इंजिन जोर कमी व वजन जास्त भरल्याने २००८ मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले. अशा इंजिनाचा एक अवघड भाग म्हणजे ज्वलनकक्ष होय. त्यात काय घडते, हे मोजल्याशिवाय सुधारणा संभवत नाही.

संपीडकातून येणाऱ्या वेगवान हवेत रॉकेलसारखे इंधन फवारले जाते. ज्योत विझू नये म्हणून हवेला भोवऱ्याची गती देतात. त्यामुळे मध्यभागी तप्त वायू उलट वाहतात व नव्या इंधनाला पेटवत राहतात.

हा उलट प्रवाह लेझरने मोजतात. दोन किरण जेथे छेदतात तेथे उजेड-अंधाराचे समांतर पट्टे पडतात. हवेत सोडलेला सूक्ष्म कण ते ओलांडताना लुकलुकतो. पट्ट्यांमधील अंतर ठाऊक असल्याने लुकलुकण्याच्या वारंवारतेवरून वेग कळतो. प्रवाहात कोणतीही सळई घालावी लागत नसल्याने तो बिघडत नाही. थेंबांचा आकारही अशाच प्रकाशीय पद्धतीने मोजता येतो. मोठे थेंब उशिरा बाष्पीभूत होतात, म्हणून हे माप महत्त्वाचे ठरते.

तापमानासाठी प्लॅटिनम-ऱ्होडियमची तापयुग्मे वापरतात. मात्र तापलेले टोक स्वतः उष्णता उत्सर्जित करते. परिणामी नोंद प्रत्यक्षाहून कमी येते व ती दुरुस्त करावी लागते. वायूचा नमुना पाण्याने थंड ठेवलेल्या नळीतून घेतात, जेणेकरून नळीत रासायनिक क्रिया थांबावी. त्यातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन ज्वलन किती अपुरे राहिले ते सांगतात.

येथे केवळ सरासरी पुरेशी नसते. समजा, आत येणारी हवा ८०० केल्विन, बाहेर पडणाऱ्या वायूचे सरासरी तापमान १६०० व एका जागी कमाल १८४० आहे. कमाल व सरासरीतील फरक २४०. त्याला एकूण वाढीने, म्हणजे ८०० ने भागल्यास ०.३० येते. हा अंक जितका लहान तितके तापमान समान पसरलेले. सरासरी सुरक्षित दिसत असतानाही टर्बाइनची स्थिर पाती त्या एका तप्त जागी जळू शकतात. म्हणूनच अभियंते निर्गमद्वारावर एकाच नव्हे, तर अनेक बिंदूंवर तापमान मोजतात. विद्यार्थ्यांना सरासरीची मर्यादा समजावण्यासही हे उदाहरण उपयुक्त ठरेल.