कुर्ल्याची फियाट: ऐकीव काय, खरं काय

मुंबईत पन्नाशी ओलांडलेल्या कुणाकडेही पद्मिनीचा विषय काढा, दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. ‘इतकी वर्षं एक स्क्रूसुद्धा बदलला नाही,’ हे पहिलं. ‘मारुती आली आणि बिचारी एका रात्रीत संपली,’ हे दुसरं. गाडीवरच्या प्रेमापोटी बोललेली, पण दोन्ही चुकीची.

आधी नावांचा गुंता सोडवू. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज आणि प्लायमाउथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. फियाटशी सोयरीक जुळली ती पन्नासच्या दशकात. त्या दशकातली गोलमटोल फियाट 1100 म्हणजे ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, बिजागऱ्या मधल्या खांबाला असत. आज अनेकजण पद्मिनीलाच डुक्कर फियाट म्हणून मोकळे होतात, ते बरोबर नाही. साठच्या दशकाच्या मध्यावर आलेली ‘डिलाइट’ हे पद्मिनीचं खरं मूळ: अंग चौकोनी, मागे छोटे पंख, दरवाजे सुलट. इटालियन नाव उतरलं तेव्हा हीच गाडी थोडा काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’. पाटी बदलली, गाडी तीच राहिली. त्यामुळे पुढेही तिला ‘फियाट’च म्हणणारे टॅक्सीवाले फारसे चुकत नव्हते.

मग ती बदललीच नाही का? बाहेरून फारशी नाही. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिनही कायम राहिलं. ‘बाराशे सीसीची गाडी होती ती’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो आकडा इटलीतल्या 1100 डी या बहिणीचा, तिचं इंजिन 1221 सीसीचं होतं. खरा बदल झाला तो आत. मूळ गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट बसे, आणि ड्रायव्हर व वडीलधाऱ्यांच्या मधे एखादं पोर हमखास कोंबलेलं असे. पायाखाली मोकळी जागा, गुडघ्याला काही लागत नसे. नंतरच्या गाड्यांत गिअर खाली जमिनीवर आला, सीटा सुट्या झाल्या आणि ते पोर मागे गेलं. नव्वदच्या दशकात डिझेल इंजिनही आलं. जे बदलायला हवं होतं ते मात्र राहून गेलं. इटलीत 1966 मध्ये आलेल्या 1100 आर ला पुढे डिस्क ब्रेक होते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमच.

इथेच ‘पत्रा जाड, म्हणून गाडी सेफ’ हा लाडका समज तपासून घ्यावा. धडक बसल्यावर तो जोर कुठेतरी जिरावा लागतो. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवतात, कारण ते चेपताना जोर खातं. जे चेपत नाही ते धक्का आत बसलेल्या माणसाकडे पोचवतं. बंपरला ओरखडा पडला नाही याचं कौतुक पार्किंगमध्ये ठीक. हायवेवर प्रश्न बंपरचा नसतो.

तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, यावरून ती फार उत्तम होती असं अनुमान काढलं जातं. मला हा युक्तिवाद कायम गमतीचा वाटतो. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे लायसन्स ठरवत होतं. 1969 मध्ये तर सरकारने फियाट, अँबॅसेडर आणि स्टँडर्ड हेरल्ड या तिन्हींच्या किमती आदेश काढून बांधून दिल्या. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दुकानात मोजून तीनच गाड्या, त्याही तुटपुंज्या, रांग लागणारच. इटलीत 1969 मध्ये बंद झालेली गाडी इथे पुढची तीस वर्षं टिकली, त्यात तिच्या गुणांइतकाच या बंदोबस्ताचा वाटा आहे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि घरगुती गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं, हे खरं. पण पद्मिनी त्यानंतरही दीड दशकाहून अधिक काळ बनत होती. तिला तारलं टॅक्सीने. कारखाना शहरातच, सुटे भाग गल्लोगल्ली, आणि बॉनेट उघडून कार्ब्युरेटर साफ करून देणारा मिस्त्री कुठल्याही नाक्यावर. टॅक्सीवाल्याच्या हिशेबात गाडी एक दिवस उभी राहणं म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडणं; तिथे नव्या तंत्रापेक्षा हातासरशी दुरुस्ती मोठी. मालकाने पद्मिनी 1984 मध्ये सोडली असेल, ड्रायव्हरने नाही.

शेवटचा गैरसमज ताजा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘पद्मिनी बंद’ अशा बातम्या झळकल्या आणि काहींना वाटलं, काळीपिवळीच गेली, किंवा पद्मिनी चालवणंच बेकायदा झालं. झालं एवढंच, की मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ची होती. दुसऱ्या बनावटीच्या काळ्यापिवळ्या त्यानंतरही धावत राहिल्या. खासगी पद्मिनीला टॅक्सीचा तो नियम लागू नाही. पंधरा वर्षांनंतर फिटनेस दाखवून, हरित कर भरून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते.