भारवितरक जोडणी
मोटारगाडीला ट्रेलर जोडण्याची, स्प्रिंगी पोलादी दांड्या असलेली प्रयुक्ती. अमेरिका व कॅनडा येथे निवासी ट्रेलरांसाठी ती विशेष प्रचलित आहे. अशा ट्रेलरच्या वजनाच्या सु. १० ते १५% भार जोडबिंदूवर येतो. त्यामुळे गाडीचा मागील भाग दबतो, पुढील चाके हलकी होतात व सुकाणूचे नियंत्रण मंदावते. ताणलेल्या दांड्या तरफेप्रमाणे कार्य करून काही भार पुढील आसावर व ट्रेलरच्या आसांवर नेतात.

दांड्यांची निवड सामान भरलेल्या ट्रेलरचा जोडबिंदूवरील भार मोजून करतात. ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर व दांड्या ताणल्यावर पुढील चाकाच्या कमानीची उंची मोजून, उत्पादकाच्या सूचनेनुसार ताण ठरवितात. अतिरिक्त ताणाने मागील चाके हलकी होऊन गाडी घसरण्याचा संभव असतो. या जोडणीने गाडीची निर्धारित भारक्षमता मात्र वाढत नाही.