मोटारीतली रोषणाई: हौस हवी, पण फ्यूजसह

नवी मोटार दारात आली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले की घरात दुसरीच चर्चा सुरू होते. आता गाडीत काय काय बसवायचे? सीट कव्हर आणि पायाखालच्या मॅटबरोबर अलीकडे या यादीत हमखास भर पडते ती रंगीत एलईडी पट्टीची. दिल्लीचे करोल बाग, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बंगळूरचा जे. सी. रोड किंवा चेन्नईचे पुदुपेट, गाड्यांच्या साहित्याच्या कोणत्याही बाजारात गेलात तरी या पट्ट्यांची वेटोळी टांगलेली दिसतील. एकेकाळी महागड्या गाड्यांतच मिळणारी ही शोभा आता कोणत्याही छोट्या गाडीत करून घेता येते.

ही रोषणाई केवळ दिखाऊ आहे असेही नाही. छतावरच्या एकुलत्या एका दिव्याचा उजेड पायांपर्यंत पोहोचत नाही. रात्री आजी-आजोबांना गाडीतून उतरवताना, सीटखाली गेलेली औषधाची डबी शोधताना किंवा डिकीतले सामान काढताना पायाशी मंद प्रकाश असला, तर मोठीच सोय होते. प्रश्न एवढाच, की ती पट्टी कोणी, कुठे आणि कशी जोडली?

धोका दिव्यात नाही, वायरीत आहे

एलईडी म्हणजे वीज जाताच उजळणारा इवलासा स्फटिक. लाल रंगाचा एलईडी 1962 मध्ये तयार झाला, पण उपयोगी निळा एलईडी मिळायला 1990 चे दशक उजाडले. या शोधासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा रंग हाती आल्यामुळेच पांढरा आणि हवा तो रंग देणाऱ्या पट्ट्या शक्य झाल्या.

हे दिवे वीज फार कमी खातात. त्यामुळे 'एवढ्याशा पट्टीला फ्यूज कशाला?' असे म्हणून अनेक जण वायर सरळ बॅटरीला किंवा हाताशी सापडेल त्या वायरीला जोडून टाकतात. इथेच चूक होते. पट्टी थोडी वीज घेत असली, तरी बॅटरीची ताकद थोडी नसते. सीट पुढे-मागे करताना तिच्या लोखंडी पट्टीवर वायर घासली, आवरण सोलले आणि तांब्याची तार गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह सोडते. फ्यूज असेल तर तो उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. नसेल तर वायर लालबुंद होते. तिच्या शेजारी असतो गालिचा, फोम आणि प्लॅस्टिक! आग लागायला आणखी काय हवे?

साधा हिशेब

पट्टीच्या वेष्टनावर दर मीटरला किती वॅट, हे लिहिलेले असते. मीटरला साठ मोठे दिवे असलेली पट्टी साधारण 14 वॅट घेते. चारही पायांजवळ 30-30 सेंटिमीटरचे तुकडे लावले, तर एकूण 1.2 मीटर पट्टी आणि सुमारे 17 वॅट. याला 12 व्होल्टने भागले की आले सुमारे दीड अँपिअर. इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या आसपास जाते आणि प्रवाहही वाढतो, म्हणून अशा जोडणीला 3 अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वीज जिथून घेतली, त्या टोकाजवळ असावा. पट्टीजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरीचे रक्षण करत नाही.

वीज किल्ली फिरवल्यावरच मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावी. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपिअर-अवरची असते. दीड अँपिअरची पट्टी रात्रभर जळत राहिली, तर सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी येऊ शकते.

ज्यांना वायरी कापायच्या नाहीत, त्यांनी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारी पट्टी घ्यावी. त्या सॉकेटला गाडीचा स्वतःचा फ्यूज असतो, आणि नको तेव्हा पट्टी काढूनही ठेवता येते.

कुठे लावावी, कुठे नाही

डॅशबोर्डच्या खालची कड, पुढच्या सीटची मागची खालची बाजू, सामानाचा कप्पा आणि डिकी या जागा उत्तम. ब्रेक आणि क्लचचे पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि सीटची लोखंडी पट्टी यांच्यापासून वायर दूर ठेवावी. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्याही वर तापू शकतो. नुसता चिकटपणा तिथे टिकत नाही, म्हणून पट्टीला क्लिपांचा आधार द्यावा. सुटून लोंबणारी वायर पेडलमध्ये अडकली तर काय होईल, हे सांगायला नकोच.

एअरबॅग असलेल्या गाडीत आणखी जपावे. काचेशेजारच्या खांबांच्या आवरणामागे आणि सीटच्या कडेला एअरबॅग दडलेली असू शकते. तिथे पट्टी चिकटवू नये, वायरही ओढू नये. एअरबॅगच्या वायरींचे जोड बहुधा पिवळे असतात. पिवळे दिसले की हात मागे घ्यावा.

चालकाच्या डोळ्यांना विचारा

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो आणि तो सराव झगझगीत प्रकाशाने क्षणात मोडतो. निळा व पांढरा उजेड यात अधिक त्रासदायक; मंद तांबूस उजेड त्या मानाने सौम्य. शिवाय आतला प्रकाश समोरच्या काचेत उमटतो आणि नेमका त्याच वेळी अंधारातला पादचारी दिसेनासा होतो. म्हणून पट्टी बसवली की रात्री गाडी अंधाऱ्या जागी उभी करून चालकाच्या जागेवर बसावे. पट्टी थेट दिसली किंवा काचेत तिची रेघ उमटली, तर जागा बदलावी. गाडी चालवताना रोषणाई बंद असलेली सगळ्यांत चांगली. गाण्याच्या तालावर लुकलुकणारे दिवे तर गाडी उभी असतानाच शोभतात.

कायदा आणि विमा

गाडीतला उजेड बाहेरच्यांना चकवणारा नसावा. पुढून लाल दिसणारे किंवा पोलिसांच्या गाडीचा भास करून देणारे दिवे अंगाशी येतात. ऑक्टोबर 2022 मध्ये केरळातील वडक्कंचेरी येथे पर्यटक बसला झालेल्या भीषण अपघातानंतर तिथल्या उच्च न्यायालयाने भपकेबाज दिव्यांच्या वाहनांवर कारवाईचा बडगा उगारला होता.

मूळ वायरी कापल्यास कंपनी विजेच्या बिघाडाची वॉरंटी नाकारू शकते. नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तूंची विमा कंपनीला लेखी कल्पना द्यावी आणि दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे.

काम संपल्यावर कारागिराला 'छान दिसते का?' असे विचारण्याआधी 'फ्यूज कुठे बसवलात, दाखवा' असे म्हणावे. दाखवता आला नाही, तर पट्टी कितीही सुंदर असो, ती काढून घ्यायला सांगावी.